अंगणवाडीत गाडी येतेच आहे, तर पेटीत वार्निशही ठेवा

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, एकात्मिक बाल विकास सेवा योजना, महाराष्ट्र राज्य

विषय : सहा वर्षांखालच्या मुलांच्या दातांना अंगणवाडीतच फ्लोराइड वार्निश लावण्याबाबत

महोदय,

वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (आरबीएसके) गाडी अंगणवाडीच्या दारात उभी राहते. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक उतरतं. वजन-उंची होते, दंडाचा घेर मोजला जातो, डोळे, कान, छाती तपासली जाते आणि शेवटी 'आ कर बाळा' म्हणत तोंडात बॅटरीचा उजेड पडतो. दात किडलेले दिसले की रकान्यात खूण होते, संदर्भ चिठ्ठी हातात पडते आणि गाडी पुढच्या वस्तीकडे निघते.

ती चिठ्ठी घेऊन किती आया जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागापर्यंत पोचतात, ते आपल्या अहवालांत असेलच. माझ्या भागातलं चित्र मला ठाऊक आहे. मूल अडीच-तीन वर्षांचं, दात आज दुखत नाही, जिल्ह्याचं ठिकाण दोन एसट्या बदलून गाठायचं आणि दिवसाची मजुरी बुडवायची. वर घरातलं मोठं माणूस म्हणतं, दुधाचेच तर दात आहेत, पडणारच आहेत. चिठ्ठी डब्यात जाते. त्या आईच्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

मी तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. तीच मुलं माझ्याकडे येतात, पण गालावर सूज आल्यावर. तोवर घरी लवंगेचं तेल लावून झालेलं असतं, मेडिकलमधून विचारून आणलेली गोळी देऊन झालेली असते, एखाद्या आजीने रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडेही 'पाडलेले' असतात. पोर दोन-तीन रात्री झोपलेलं नसतं आणि महिनाभर एकाच बाजूने चावत असतं. मूल कमी वजनाचं असेल तर सेविका आईला बोल लावते, हे जेवत कसं नाही म्हणून. दाढेत ठणका असताना भाकरी कोण चावणार? अशा वेळी माझ्या हातात दोनच गोष्टी उरतात. दुधाच्या दाताची नस साफ करून तो भरायचा, नाहीतर काढायचा. पहिल्या उपायाला पुन्हापुन्हा खुर्चीत बसायला तयार असलेलं मूल आणि ऐपत असलेला बाप, दोन्ही लागतं. म्हणून बहुतेक वेळा दात निघतो. शहरात भूल देऊन एका बैठकीत सगळं तोंड दुरुस्त करतात. तो आकडा आमच्याकडच्या पेशंटला सांगायचीही सोय नाही.

माझं मागणं एवढंच आहे की त्या गाडीतल्या पेटीत फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड रोखायला दातांवर ब्रशने लावायचा फ्लोराइडचा चिकट लेप, ठेवा, आणि तपासायला तोंड उघडलंच आहे तर तिथल्या तिथे ते लावून टाका. वार्निश साधारण दर सहा महिन्यांनी लावायचं असतं आणि गाडीही अंगणवाडीत सहा महिन्यांनीच येते. इतकं जुळून आलेलं वेळापत्रक सरकारी कामात सहसा सापडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे विकार पहिल्यापासून आहेत. त्यावरचा इलाज मात्र आमच्याकडच्या पेटीत मला कधी दिसलेला नाही.

कीड एका रात्रीत लागत नाही, म्हणून तर या मागण्याला अर्थ आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचला. पुढचे चार दात कापसाने पुसून कोरडे करा. कीड सुरू झाली असेल तर हिरडीला लागून निस्तेज पांढरी रेघ दिसते. ओल्या दातावर ती लपते, म्हणून पुसणं महत्त्वाचं. खालचे पुढचे दात बहुधा स्वच्छ असतात, कारण दूध ओढताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळही तिथंच जास्त झरते. बाटली तोंडात ठेवून झोपवणं, दुधात साखर, सकाळी कपभर चहा आणि दिवसभर हातात बिस्कीट या सगळ्याची पहिली खूण म्हणजे ती पांढरी रेघ. अजून खड्डा पडलेला नसतो, दुखत तर मुळीच नसतं, आणि हीच अवस्था परत फिरवता येते. काही महिन्यांत रेघ तपकिरी होते, मग दात हिरडीपाशी पोखरतो आणि शेवटी काळे खुंट उरतात. ते काळे खुंट आपल्या पथकाला बरोबर दिसतात. पांढरी रेघ पाहायला कुणी शिकवलेलं नसल्याने ती 'दात ठीक' या रकान्यात जाते.

दातावर दिवसभर जमाखर्च चालू असतो. गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतात. थोड्या वेळाने लाळ ते आम्ल पातळ करते आणि गेलेली खनिजं बऱ्याच अंशी परत बसवते. दिवसातून तीन-चारदा खाणाऱ्या मुलाचा हिशेब जुळतो. बिस्किटाचा पुडा हातात घेऊन फिरणाऱ्याचा जुळत नाही, कारण लाळेला उसंतच मिळत नाही. फ्लोराइड जवळ असलं की खनिजं लवकर परत बसतात, आणि नव्याने बसलेला भाग आधीपेक्षा चिवट असतो. तो विरघळायला सामू ४.५च्या आसपास उतरावा लागतो. म्हणजे फ्लोराइडचं काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं, पोटात जाऊन नव्हे. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

वार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं. चिकट, पिवळसर, राळेचा वास असलेलं. साठच्या दशकात जर्मनीत ते तयार झालं, तेव्हा प्रयोग वगैरे म्हणण्याचे दिवस कधीच सरले. लावायची रीत अशी. आई आणि परिचारिका समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघे लावून. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला मागे झोपवायचं की डोकं अलगद परिचारिकेच्या मांडीवर येतं. आई हात धरते, मुलाला आईचा चेहरा दिसत राहतो. गॉझने दात पुसायचे आणि इवल्या ब्रशने वार्निशचा पातळ हात फिरवायचा. लाळ लागताच ते घट्ट होतं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मूल रडलं तर उलट बरं, तोंड आपोआप उघडं राहतं. त्या दिवशी कडक आणि गरम काही द्यायचं नाही आणि ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. दात दिवसभर पिवळट दिसतील, हे आईला आधीच सांगायचं. नाहीतर संध्याकाळी अंगणवाडीच्या दारात गर्दी होईल आणि पुढच्या फेरीला निम्मी मुलं घरीच राहतील. लसीकरणाच्या सत्रात ज्यांनी तापाचं स्पष्टीकरण दिलंय, त्या एएनएमताईंना, म्हणजे गावच्या परिचारिकांना, मी हे काय सांगू?

दुधाचे दात आलेल्या मुलाला पाव मिलिलिटर पुरतं. दहा मिलिलिटरच्या एका ट्यूबमध्ये चाळीस मुलं होतात. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, खुर्ची लागत नाही. तोंड आलेलं असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, राळेची ॲलर्जी असेल किंवा दम्याचा मोठा झटका येऊन मूल नुकतंच दवाखान्यात राहिलेलं असेल तर लावायचं नाही. एवढ्या चार ओळी पाठ झाल्या की झालं.

लावणार कोण, हा प्रश्न मंत्रालयातून येण्याआधी माझ्याच व्यवसायबंधूंकडून येईल. दंतवैद्याशिवाय कुणी तोंडाला हात लावायचा नाही, असं आमच्यातल्या अनेकांचं मत आहे. किडलेल्या दातांवरच आमचं पोट चालतं, हे लपवून उपयोग नाही. पण अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या सल्लागार मंडळाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हेच सांगितलं की पहिला दात आल्यापासून पाच वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला नेहमीच्या डॉक्टरांकडेच वार्निश लावावं. दंतवैद्याची वाट पाहू नये. कारण उघड आहे. एवढ्या लहान वयात मूल दंतवैद्याकडे येतच नाही, लसीला आणि तापाला येतं. आपल्याकडे ते अंगणवाडीत येतं. पथकातले आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे) डॉक्टर आणि परिचारिका हे काम एका दुपारी शिकतील. कुठं अडलं तर आम्ही आहोतच.

उपयोग किती, याचा आकडा फुगवून सांगणार नाही. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१३च्या कॉक्रेन समीक्षेत, वार्निश लावलेल्या मुलांमध्ये दुधाच्या दातांवरची कीड सरासरी ३७ टक्क्यांनी आणि कायमच्या दातांवरची ४३ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. आणखी एक गोष्ट मीच सांगते, कारण कुणीतरी ती आपल्या फाइलला लावणारच. स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल हा सरकारी कार्यक्रम आहे. तिथल्या बालवाड्यांत वार्निश लावलेल्या आणि न लावलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा वार्निशचा म्हणावा असा जादा फायदा दिसला नाही. यावरून 'मग कशाला हवं' असा शेरा मारणं सोपं आहे. पण तिथली मुलं बालवाडीत रोज बाईंच्या देखरेखीखाली फ्लोराइडच्या पेस्टने दात घासतात. दोन्ही गटांतली मुलं घासत होती. आमच्या अंगणवाडीत रोजच्या ब्रशचं नावही नाही, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा इथं उचलून आणता येणार नाही. त्यातून घ्यायचं असेल तर हे घ्या की दोन फेऱ्यांच्या मधले सहा महिने रिकामे सोडायचे नाहीत.

म्हणून दुसऱ्या खात्याला, म्हणजे बालविकासला, माझं सांगणं आहे की दुपारच्या खिचडीनंतर ब्रश. नळ नसला तरी चालतं, थुंकायचं आणि तोंड पुसायचं. भरमसाट चुळा भरून पेस्ट धुऊन टाकायचीच नसते. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी, आणि ती ट्यूबमधून काढायची सेविकेने, मुलाने नाही. पेस्ट साधी, १००० पीपीएम फ्लोराइडची. आपल्याकडे नियमानुसार त्याहून जास्त चालत नाही आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो. खरेदी करणाऱ्याने तो एवढा वाचावा, ही विनंती. 'लहान मुलांसाठी' म्हणून येणाऱ्या कितीतरी रंगीत पेस्टमध्ये फ्लोराइड निम्मं असतं किंवा नसतंच, आणि वनौषधींच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच पेस्टचीही तीच कथा. फ्लोराइडची टूथपेस्ट २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे ती सौंदर्यप्रसाधन म्हणून नाकारायचं कारण उरलेलं नाही. घरी आजी मिश्री लावते आणि नात शेजारी बसून तेच बोट तोंडात घालते, अशा गावांत अंगणवाडीतला ब्रश हा अनेकींचा आयुष्यातला पहिला ब्रश असेल.

आता फ्लोराइडच्या भीतीबद्दल. ही भीती खोटी नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर तपकिरी पट्टे आणि पुढे हाडांचं वाकणं लोकांनी सोसलंय. पाण्यातलं फ्लोराइड काढायचं नालगोंडा तंत्र आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने दिलं, तेव्हा महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही आपली मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५. आता हिशेब करा. पाव मिलिलिटर वार्निशमध्ये साधारण साडेपाच मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. वर म्हटलं तसं त्याचं काम दातावरच चालतं, पण सगळंच्या सगळं पोटात गेलं असं धरलं तरी, लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइडचं पाणी दिवसाला लिटरभर पिणारं मूल दोन दिवसांत त्याहून जास्त गिळतं. तेही रोज, आठ वर्षांपर्यंत, कायमच्या दातांचं कवच घडत असताना. तिथं दोष पाण्याचा आहे आणि तिथलं पहिलं काम पाणी बदलणं हेच. अशा गावांत पेस्ट आणि वार्निशचा निर्णय पाण्याचा अहवाल पाहून, जिल्ह्याच्या फ्लोरोसिस सल्लागाराला विचारून घ्यावा. पण त्या गावांचं कारण पुढे करून कोकण, सातारा, कोल्हापूर, नाशिक सगळ्यांचाच प्रस्ताव बासनात बांधू नये. पाणीपुरवठा विभागाकडे गावनिहाय तपासण्या आहेत. एक यादी मागवली की प्रश्न मिटतो.

ज्यांचे दात आधीच किडलेत त्यांचं काय? त्यांच्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे, ३८ टक्के. थेंबभर औषध किडलेल्या खड्ड्यात मिनिटभर लावायचं. सुई नाही, ड्रिल नाही. बऱ्याच दातांतली कीड तिथंच थांबते. हेही २०२१ च्या त्याच यादीत आहे. त्यात एकच खोट आहे, लावलेली कीड कायमची कोळशासारखी काळी पडते. मुलीच्या पुढच्या दाताला लावायचं म्हटलं की आई विचारते, फोटोत दिसेल का? दिसेल. ते आधी सांगून, लिहून घेऊन मगच लावायचं. मागच्या दाढांना सहसा कुणी नाही म्हणत नाही. मात्र नस दुखावलेल्या, सूज आलेल्या दाताला हे औषध नाही. तो ओळखायला डॉक्टर लागतो, म्हणून हे काम सुरुवातीला तरी दंतवैद्य सोबत असतानाच व्हावं. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्ह्याला मिळालेले दंतवैद्य महिन्यातून एक दिवस पथकाबरोबर फिरले तरी पुष्कळ होईल.

आमच्या तालुक्यात साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात आणि उन्हाळा तापला की उठतात. ही मुलं गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर असतात आणि फेरीच्या दिवशी असतात आमच्या शिवारात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात गेलेले, मागे चार वर्षांची बहीण दीड वर्षांच्या भावाला चहात बुडवलेलं बिस्कीट भरवत बसलेली. सबंध हंगामभर हेच. दोन्ही वेळा चुकलेली अशी मुलं मी खुर्चीत पाहते, तेव्हा तोंडात शाबूत दात मोजणं सोपं असतं. पाठवणाऱ्या जिल्ह्यांत एक फेरी टोळ्या निघण्याआधी दसऱ्याच्या सुमारास लावा आणि दुसरी त्या परतल्यावर. अंतर आपोआप सहा महिन्यांचं पडतं. आणि वार्निश लावल्याची तारीख लसीकरणाच्या कार्डावरच लिहा. जीवनसत्त्व अ चे डोस दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत देतोच आपण, त्याच्या शेजारी एक ओळ वाढवली की मूल कुठंही गेलं तरी पुढच्या परिचारिकेला कळेल.

शाळेत मात्र गाडी वर्षातून एकदाच जाते, आणि तिथं एक वेगळीच गंमत होते. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते. ती कुठला दात पाडून येत नाही, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे घरी तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली की 'पडेल' म्हणून सोडून देतात आणि आयुष्यभराची दाढ दहाव्या वर्षी जाते. पहिली-दुसरीच्या वर्गांना वर्षातून दोनदा वार्निश मिळायला हवं. त्यासाठी राज्यातल्या दंत महाविद्यालयांचे इंटर्न आहेत. वर्षभर त्यांना शिबिरांना पाठवतातच, तर बॅनर लावून ब्रशचं प्रात्यक्षिक दाखवण्यापेक्षा प्रत्येक मुलाच्या दाढेवर वार्निशचा हात फिरवून येऊ द्या.

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यानंतर पाच रुपयांचे पुडे आणि पाऊच वाडीवस्तीवर पोचले. वार्निश अजून तालुक्यालाही पोचायचंय.

सगळ्या राज्यात एकदम करा, असं मी म्हणत नाही. पाणी तपासलेले दोन-तीन तालुके घ्या, त्यातला एक ऊसतोडीचा असू द्या. वार्निश आणि पेस्ट वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या यादीत घाला, पथकांच्या प्रशिक्षणात ओठ उचलून पाहणं घाला आणि नोंदीच्या रकान्यात 'दात किडलेले' याच्या आधी 'पांढरी रेघ' असा एक रकाना वाढवा. दोन वर्षांनी त्याच मुलांची तोंडं पुन्हा पाहा आणि आकडे जाहीर करा, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.

आमच्या तालुक्याची निवड झाली तर पथकाला शिकवायचं काम मी करीन, मानधन नको. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो. फक्त दसऱ्याच्या आधी कळवा, एकदा गाळप सुरू झालं की मलाही उसंत नसते.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक दंतवैद्य